पाऊस हप्ते लिहितो तेव्हा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी बेळगाव तालुक्यात मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात राहते. पदवीपर्यंत शिकले असून घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते आणि अधूनमधून कविता लिहिते. यंदा आमच्या भागातील एका साहित्य संमेलनातल्या कविसंमेलनात मी पहिल्यांदाच कविता वाचली. समारोपात अध्यक्षांनी माझ्या कवितेचा उल्लेख केला. सुरुवातीला उपमा भरपूर आहेत, ते चांगले आहे, पण शेवटच्या दोन ओळींत कविता घसरली, असे त्यांनी सांगितले. पाऊस कधी हप्ते लिहितो का, आणि ‘पत्तीन’ (आमच्याकडे कर्ज देणाऱ्या पतपुरवठा संस्थेला असे म्हणतात) हा काय कवितेत घालायचा शब्द आहे का, असे त्यांनी विचारले तेव्हा मंडपात हशा झाला. माझी मैत्रीण म्हणते, की कवितेत अलंकार हवेतच कशाला, जे आहे ते सरळ लिहावे. मला विचारायचे आहे ते असे, की कवितेला अलंकार लागतातच का आणि त्यासाठी सगळ्या अलंकारांची लक्षणे पाठ असावी लागतात का? शाळेत आम्ही कन्नडही शिकलो आणि तिथेही उपमा, रूपक हेच होते; मग कन्नडमधले काही मराठी कवितेत आणले तर ती भेसळ होते का? आणि उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांतला फरक मुलांना कसा समजावून सांगावा? कविता सोबत देत आहे. शेवटच्या ओळी काढून टाकू का?

*बाप माझा आभाळासारखा,*
*माय माझी धरणीसारखी,*
*मार्कंडेयच्या काठावर गाव*
*स्वर्गासारखा, चित्रासारखा.*
*शिवारभर डोले हिरवा शालू,*
*चंद्रासारखी हसते भाताची लोंबी.*
*रोप लावताना बापाच्या पाठीवर*
*पाऊस लिहीत गेला पत्तीनचे हप्ते.*

उत्तर

सप्रेम नमस्कार. शेवटच्या दोन ओळी काढू नका, हे आधीच स्पष्ट लिहितो. काही काढायचेच असेल तर ते पहिल्या सहा ओळींतून काढावे. यात अध्यक्षांच्या मताचा अनादर करण्याचा हेतू नाही. कविसंमेलनात एकापाठोपाठ एक कविता ऐकताना ओळखीचे असते ते कानाला चटकन पटते आणि अनोळखी असते ते खटकते. ‘आभाळासारखा बाप’ ऐकताक्षणी समजतो, हप्ते लिहिणारा पाऊस मात्र दुसऱ्यांदा वाचल्यावर उलगडतो, आणि दुसऱ्यांदा वाचण्याची सोय व्यासपीठावर बसलेल्या माणसाला नसते. मला तुमची कविता कागदावर वाचायला मिळाली.

कवितेला अलंकार लागतातच का, हा तुमचा आणि मैत्रिणीचा वाद फार जुना आहे. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची व्याख्या करताना दोषरहित आणि गुणयुक्त शब्दार्थ असे म्हटले आणि त्याला ‘अनलंकृती पुनः क्वापि’ अशी पुस्ती जोडली. म्हणजे क्वचित एखाद्या ठिकाणी अलंकार नसला तरी काव्य होऊ शकते, असे त्याचे म्हणणे. त्यावर ‘चंद्रालोक’कर्त्या जयदेवाने (हा गीतगोविंदाचा जयदेव नव्हे) उपहासाने विचारले, की ज्या विद्वानाला अलंकारावाचून काव्य चालते, त्याला उष्णतेवाचून अग्नी का चालू नये? हा टोमणा मारताना त्याने ‘अनलंकृती’ (अलंकाररहित) आणि ‘अनलं कृती’ (अनल म्हणजे अग्नी, कृती म्हणजे विद्वान) अशी अक्षरे जुळवून यमकही साधून घेतले, म्हणजे अलंकाराची बाजू त्याने अलंकारानेच लढवली. तुमचे अध्यक्ष जयदेवाच्या बाजूचे आणि मैत्रीण मम्मटाच्याही चार पावले पुढे गेलेली, असे म्हणता येईल.

माझ्या मते या दोघांपेक्षा उपयोगी निकष त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दिला आहे. ज्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, भाव मांडता मांडता जो आपोआप घडून येतो, तोच काव्यातला खरा अलंकार, असे तो म्हणतो. त्याचा शब्द ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असा जोडाक्षरांनी भरलेला असला तरी आशय सोपा आहे. हा निकष लावून पाहायचा तर ओळीतला अलंकार काढून घ्यावा आणि मग ओळीतून काय गेले ते पाहावे. काहीच गेले नाही तर तो अलंकार मुळात तेथे नव्हताच.

तुमच्या पहिल्या दोन ओळींवर हे करून पाहा. उपमेचे चार घटक तुम्ही मुलांना शिकवताच: ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत समान असलेला साधारण धर्म आणि ‘सारखा’, ‘परी’, ‘सम’ यांसारखा साम्यवाचक शब्द. ‘बाप माझा आभाळासारखा’ या ओळीत उपमेय, उपमान आणि साम्यवाचक शब्द आहेत, साधारण धर्म सांगितलेला नाही. हा दोष नव्हे. अशा उपमेला लुप्तोपमा म्हणतात आणि चांगले कवी साधारण धर्म मुद्दाम गाळतात, कारण तो शोधून काढण्याचे काम वाचकाला करू देण्यात आनंद असतो. अडचण अशी, की येथे वाचकाला शोधण्यासारखे काही उरलेले नाही. आभाळ म्हणजे मोठेपणा आणि छत्र, धरणी म्हणजे सोशिकपणा, हे त्याला ओळ ऐकण्याआधीच ठाऊक असते. असा बाप प्रत्येकाचा असतो; मार्कंडेयच्या काठी रोप लावणारा तुमचा बाप या ओळीत कुठेच दिसत नाही.

‘स्वर्गासारखा, चित्रासारखा’ येथे तुम्ही एकाच उपमेयाला दोन उपमाने दिली आहेत. याला मालोपमा म्हणतात आणि तिची अट अशी, की प्रत्येक उपमानाने उपमेयाची निराळी बाजू दाखवावी. तुमची दोन्ही उपमाने मिळून ‘गाव छान आहे’ एवढेच सांगतात. ज्या गावात जुलैमध्ये नदी पात्र सोडून काठच्या भातशेतीत शिरते, त्या गावाबद्दल तुम्हाला यापेक्षा पुष्कळ सांगता येईल, अशी माझी खात्री आहे.

सहावी ओळ निराळ्या कारणाने फसली आहे. भाताची लोंबी चंद्रासारखी हसते, असे तुम्ही लिहिले, पण लोंबी आणि पूर्णचंद्र यांच्यात समान काय, हे कितीही विचार केला तरी सापडत नाही. चंद्र सुंदर आणि लोंबीही सुंदर, एवढ्या भांडवलावर उपमा उभी राहत नाही. दाणा भरल्यावर लोंबी वजनाने वाकते. तिचा तो बाक चंद्रकोरीसारखा दिसतो, असे म्हटले असते तर दोन वस्तू एकमेकींना लागू पडल्या असत्या. शिवाय सहाव्या ओळीत लोंबी भरून आली आहे आणि सातव्या ओळीत रोप लावणे चालू आहे. आषाढातली आणि आश्विनातली दृश्ये शेजारी ठेवण्यास हरकत नाही, परंतु ती मुद्दाम ठेवली आहेत हे वाचकाला कळले पाहिजे. तुमच्या कवितेत ती चुकून शेजारी आली आहेत, असे वाटते.

आता शेवटच्या दोन ओळींकडे वळतो, कारण खरे बोलण्यासारखे तेथेच आहे. पाऊस लिहितो, म्हणजे अचेतन वस्तूला माणसाची कृती दिली. शालेय व्याकरणात याला चेतनगुणोक्ती म्हणतात, संस्कृत ग्रंथांत असे वर्णन बहुधा समासोक्तीत मोडते. पण नावापाशी थांबू नका. पाऊस लिहितो असे म्हटल्याबरोबर थेंब ही अक्षरे होतात आणि वाकलेली पाठ हा कागद होतो. ही दोन रूपके तुम्ही न सांगता ओळीत शिरली आहेत. रोप लावताना माणूस तासन्‌तास कमरेत वाकलेला असतो. कर्जाच्या ओझ्याने वाकलेली पाठ आपण बोलण्यात नेहमी वापरतो, पण तुम्ही ते ओझे सांगितले नाही, नुसती पाठ आणि तिच्यावर लिहिणारा पाऊस दाखवला. भाताचे कर्ज पावसाच्या तोंडावर घेतले जाते आणि रोपही पावसातच लावले जाते, त्यामुळे पाऊस आणि कर्ज यांची गाठ शिवारात आधीपासूनच पडलेली आहे. तुम्ही ती पाहिलीत. हा अलंकार काढून ‘बाप कर्जात असताना रोप लावत होता’ असे लिहून पाहा आणि किती गेले ते मोजा.

या ओळींत अजून काम करण्यास मात्र वाव आहे. तुमचे वडील रोप लावताना डोक्यावरून खोळ किंवा इरले घेतात की नाही? बहुतेक शेतकरी घेतात, आणि आजकाल ती खोळ प्लास्टिकची असते. मग पाऊस पाठीवर लिहीत नाही, प्लास्टिकवर लिहितो, आणि प्लास्टिकवरचे लिहिलेले त्याच क्षणी ओघळून जाते. पाऊस लिहितो ते पुसले जाते आणि पत्तीनच्या वहीत लिहिलेले पुसले जात नाही, हा विरोध तुमच्या ओळीच्या अगदी दाराशी येऊन उभा आहे. त्याला आत घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. दुसरी गोष्ट हप्त्यांची. पीककर्ज साधारणपणे सुगीनंतर एकरकमी फेडले जाते. हप्ते असतात ते पॉवर टिलर, विहीर किंवा पाइपलाइन यांसाठी घेतलेल्या मुदतीच्या कर्जाचे. तुमच्या वडिलांचे कर्ज कोणते? ते पॉवर टिलरचे असेल तर कवितेत आजवर न दिसलेले एक यंत्र चिखलात उभे आहे आणि त्याचा आवाजही कवितेत येऊ शकतो. उपमान किंवा रूपक व्यवहारात खरे असले पाहिजे, एवढा आग्रह मी धरतो. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक आहे त्यांचा विश्वास अशा एका चुकीच्या तपशिलाने उडतो, आणि आपल्या भागात पीककर्ज आणि मुदतीचे कर्ज यांतला फरक न कळणारा श्रोता सापडणे कठीण.

‘पत्तीन’ या शब्दाला अध्यक्षांनी घेतलेल्या हरकतीलाही शास्त्राचा आधार आहे, कारण जुन्या काव्यशास्त्राने ग्राम्यत्व हा काव्यदोष मानला आहे. पण दोष कशाला म्हणायचे हे प्रसंगावर अवलंबून असते, हेही त्याच शास्त्राने सांगितले आहे. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल लिहिताना त्याला ज्या नावाने कर्ज मिळते ते नाव टाळून ‘पतपुरवठा संस्था’ लिहिणे हाच येथे दोष झाला असता. बहिणाबाई चौधरी यांची ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’ ही ओळ आठवा. मनाला चंचल म्हणणारे कवी शेकड्यांनी झाले आणि त्यांनी वारा, माकड, पारा अशी उपमाने वापरली. उभ्या पिकात शिरलेले ढोर मात्र ज्याने हाकलले आहे त्यालाच सुचते. हाकलले तरी ते परत का येते, तर त्याला पिकाची चव लागलेली असते. मनाच्या चंचलपणात ही हाव असते, हे त्या रूपकाने दाखवले, वाऱ्याच्या उपमेने ते कधीच दाखवता आले नसते. खानदेशच्या मातीत जे घडले ते खानापूर-बेळगावच्या मातीत घडायला काही हरकत नाही.

पावसाशी बोलणारी कविता वाचायची असेल तर फार दूर जावे लागणार नाही. इंदिरा संत यांचे वास्तव्य बेळगावात होते आणि अध्यापनही त्यांनी येथेच केले; ‘गर्भरेशीम’ या संग्रहासाठी त्यांना १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘नको नको रे पावसा’ ही त्यांची कविता पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांना ठाऊक आहे, पण ती अलंकारांच्या दृष्टीने पुन्हा वाचा. संपूर्ण कवितेत पावसाला बजावणे, विनवणे आणि शेवटी त्याला कामाला लावणे चालते. चेतनगुणोक्ती एका ओळीपुरती वापरून सोडून न देता ती कवितेच्या शेवटापर्यंत कशी नेता येते, हे तिच्यातून शिकण्यासारखे आहे. तुमचा पाऊस आठव्या ओळीत एकदम येतो आणि लगेच कविता संपते. त्याला आधीपासून कवितेत वावरू दिले असते तर मंडपात हशा झाला नसता, असे मला वाटते.

कन्नडविषयीचा तुमचा प्रश्न या भागात राहणाऱ्या प्रत्येक लिहिणाऱ्याच्या मनात असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही भाषांतल्या शाळांत उपमा, रूपक, दृष्टांत, श्लेष, अर्थांतरन्यास ही एकच नावे शिकवली जातात, कारण दोन्हींनी ती संस्कृतातून घेतली. उपलब्ध कन्नड ग्रंथांतला सर्वांत जुना मानला जाणारा ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारात तयार झाला, आणि तो संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीच्या ‘काव्यादर्शा’च्या आधाराने रचलेला अलंकारांवरील ग्रंथ आहे. तेव्हा अलंकारांच्या बाबतीत कोणी कोणाकडून उसने घेतले, या वादाला फारसा अर्थ उरत नाही.

अधिक मोलाचे म्हणजे एकच रूपक दोन भाषांत कसे निरनिराळे फुलले, हे तुम्हाला दोन्हीकडून वाचता येते. बाराव्या शतकातील कन्नड शिवभक्त कवी बसवण्णांचे एक वचन आहे. श्रीमंत लोक शिवालये बांधतील, मी गरीब काय बांधणार, असे म्हणून ते पुढे सांगतात, की माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ आणि मस्तक हाच सोन्याचा कळस. इकडे एकनाथांचा अभंग आहे: ‘काया ही पंढरी, आत्मा हा विठ्ठल’, त्यात पुढे भावभक्तीची भीमा वाहते आणि ‘दया क्षमा शांती हेंचि वाळुवंट’ होते. दोन्ही ठिकाणी देहावर देवस्थानाचा आरोप केला आहे आणि तो एका शब्दावर न सोडता एकेक अवयव जुळवत नेला आहे. अशा रूपकाला सांगरूपक म्हणतात. तरी फरक केवढा आहे! बसवण्णांच्या वचनात देह ही एक इमारत आहे, खांबापासून कळसापर्यंत उभी जाणारी, आणि तिचा रोख देऊळ बांधण्याची ऐपत असलेल्यांवर आहे. एकनाथांच्या अभंगात देह हे एक गावच आहे. त्यात नदी आहे, वाळवंट आहे आणि त्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा जमला आहे. एकाने गर्दीच्या बाहेर राहून आपले देऊळ उभे केले, दुसऱ्याने सगळी वारी आत आणली. आपल्या भागात एकाच घरात पंढरीची माळ आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा दोन्ही असतात. तुम्ही ही दोन्ही रूपके जवळून ओळखता, आणि ज्याला एकच भाषा येते त्याच्यापेक्षा हे भांडवल मोठे आहे. त्याला भेसळ म्हणू नये. मराठी मातृभाषा असलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे येथे सहज आठवते.

नादाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मराठी कान यमक ओळीच्या शेवटी शोधतो. अभंगात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी येते, जसे ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी’ येथे. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. जुन्या कन्नड काव्यात मात्र प्रत्येक चरणाचे दुसरे अक्षर जुळवण्याचा नियम होता, म्हणजे नादाची गाठ ओळीच्या सुरुवातीला बसे. कधी तुमच्या मुक्तछंदात हे करून पाहा; शेवटी यमक न आणताही ओळी कानात एकमेकींना धरून राहतात. अनुप्रास आणि श्लेष यांच्याबद्दल एवढेच सांगतो, की ते सुचले तर ठेवावेत, शोधत बसू नये.

प्रतीकाबद्दल तुम्ही विचारले नाही, परंतु तुमच्या पावसामुळे तो विषय निघतोच. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हाताशी असतात. प्रतीकात उपमेय कवी सांगत नाही आणि वाचकाने एकच एक नाव द्यावे अशी त्याची अपेक्षाही नसते. केशवसुतांनी १८९३ साली लिहिलेल्या ‘तुतारी’तील तुतारी म्हणजे नेमके काय, नवी कविता, सुधारणा की बंड, हे एका शब्दात सांगता येत नाही आणि म्हणूनच ती टिकली. (केशवसुत शेवटच्या काळात धारवाडला शिक्षक होते आणि १९०५ साली प्लेगने हुबळीला वारले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.) तुमचा पाऊस आज सावकार किंवा कारकून आहे. तुमच्या पुढच्या पाच-सहा कवितांत तो निरनिराळ्या रूपांत येत राहिला, तर हळूहळू तो तुमचे प्रतीक होईल. पण हे ठरवून करता येत नाही.

लक्षणे पाठ हवीत का, याचे उत्तर लिहिणाऱ्यासाठी ‘नाही’ असे आहे आणि शिकवणाऱ्यासाठी ‘हो’ असे आहे. तुम्ही दोन्ही आहात, म्हणून मुलांना फरक समजावण्याची एक रीत सांगतो. वेगवेगळी उदाहरणे देण्याऐवजी एकच दृश्य घ्या. पावसाळ्यात येळ्ळूरचा राजहंसगड धुक्यातून वर डोकावताना मुलांनी पाहिलेला असतो. ‘धुक्यात गड जहाजासारखा दिसतो’ ही उपमा झाली. गड वेगळा, जहाज वेगळे, दोघांत साम्य आहे एवढेच सांगितले. ‘धुक्यात गड म्हणजे जणू नांगर टाकून थांबलेले जहाजच’ ही उत्प्रेक्षा. येथे बोलणाऱ्याने कल्पना केली आहे आणि ती कल्पना आहे हे तो ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ अशा शब्दांनी कबूल करतो. ‘गड हे धुक्यातले जहाज’ म्हटले की रूपक. कबुली गेली, दोन्ही नावे राहिली आणि दोन्ही वस्तू एक झाल्या. ‘हा गड नव्हे, जहाज आहे’ ही अपन्हुती, ‘हा गड की जहाज?’ हा ससंदेह, ‘जहाज लाटेने तरी हलते, हा मुळीच हलत नाही’ हा व्यतिरेक, आणि ‘राजहंसगड तो राजहंसगडासारखाच’ हा अनन्वय. याहीपुढे जाऊन ‘येळ्ळूरच्या शिवारावर जहाज नांगरले आहे’ एवढेच म्हटले तर गडाचे नावच गिळले गेले. संस्कृत शास्त्रात ही अतिशयोक्तीची एक जात आहे, जिला रूपकातिशयोक्ती म्हणतात. आपल्या शालेय व्याकरणात अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे एवढाच अर्थ उरला आहे. तुमच्या पाचव्या ओळीतला ‘शिवारभर डोले हिरवा शालू’ हा याच जातीचा आहे, फक्त तो शालू आजवर इतक्या कवींनी नेसवला आहे, की त्याखाली भात आहे हे कुणाला आठवत नाही. संस्कृत अलंकारशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी म्हटले आहे, की उपमा ही एकच नटी निरनिराळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते. गडाच्या या उदाहरणांवरून ते मुलांनाही पटेल.

नंतर छापील कवितेकडे वळा. बालकवींच्या श्रावणावरील कवितेत इंद्रधनुष्याबद्दल ‘मंगल तोरण काय बांधिले नभोमंडपी कुणी भासे’ अशी ओळ आहे. ‘भासे’ या शब्दावरून मुले उत्प्रेक्षा ओळखतील. त्यांतला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, की ‘नभोमंडप’ हे तर रूपक आहे. त्याला शाबासकी द्या आणि दाखवून द्या, की आकाशाला आधी मंडप केले म्हणूनच इंद्रधनुष्याचे तोरण शोभते. एका अलंकाराने दुसऱ्यासाठी जागा करून ठेवली आहे. परीक्षेत मात्र एकच नाव विचारले असेल तर पूर्ण ओळीचा मुख्य अलंकार, म्हणजे उत्प्रेक्षा, लिहायला सांगा, आणि पाठ्यपुस्तकाने एखाद्या उदाहरणाला जे नाव दिले असेल तेच उत्तरपत्रिकेत लिहिण्याची ताकीद द्या. गुण तेथेच मिळतात. उत्तर लिहिताना आधी उपमेय आणि उपमान, मग त्यांच्यातला साधारण धर्म किंवा कल्पना दाखवणारा शब्द आणि सर्वांत शेवटी अलंकाराचे नाव, असा क्रम त्यांच्या अंगवळणी पाडा. नाव आधी लिहिले, की बहुतेक मुले पुढचे काही शोधतच नाहीत.

कवितेचा पुढचा खर्डा झाला, की पाठवा. त्यात पहिल्या सहा ओळी ‘सारखा’ हा शब्द न वापरता लिहून पाहाव्यात आणि वडिलांना विचारून कर्ज कोणते ते नक्की करून घ्यावे.